दमडीपेटी

माझ्या जावयाला त्याच्या बायकोचा गुन्हा मी वाचून दाखवला. चर्चमध्ये, वेदीजवळ उभी राहून, चष्मा लावून, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात. ती बायको म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. वाचताना मला हे ठाऊक नव्हतं, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं आणि डॉक्टरांनी विचारलं नव्हतं तरी त्यांनाही सांगितलं. आता सगळं क्रमाने सांगते.

मी मटणाचं दुकान चालवते. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हापासून सत्तूर माझ्या हातात आहे. मला सगळे खाटीककाकू म्हणतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. अंगाने मी भरलेली, नव्वद किलोंच्या वर, आणि माझा राग आमच्या गल्लीतल्या गवंडिणीच्या भाषेत सांगायचं तर दारातच चपला घालून उभा असतो. नवरा हात उचलायचा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी त्याने मला ओंडक्यावर ढकललं, तेव्हा मी हुकाला टांगलेली बोकडाची तंगडी काढून त्याच्या बरगड्यांवर अशी हाणली की तो आठ दिवस डाव्या कुशीवर झोपला नाही. पुन्हा हात उचलायच्या आधी तो विचार करायचा. उचलायचा, पण विचार करून. त्यामुळे माझं एक मत झालं होतं की जिच्या पाठीला कणा आहे तिला कुणाच्या मदतीची गरज नसते. हे मत मी लोकांनी विचारलं नाही तरी सांगत असे.

आमच्या ल्युथरन चर्चच्या महिला मंडळाची मी नऊ वर्षं खजिनदार. मंडळाचं काम एकच, मिशनच्या कामांना पैसा पुरवायचा. कुठे दवाखाना, कुठे शाळा, कुठे अनाथांच्या खोलीवर छप्पर. तो पैसा येतो दमडीपेट्यांतून. प्रत्येक घरात एक लाकडी पेटी, वर फट, खाली कुलूप, किल्ली खजिनदाराकडे. दिवसात काही चांगलं घडलं की देवाचे आभार मानून एक नाणं टाकायचं, आणि वाटलं तर कशाबद्दल आभार ते चिठ्ठीवर लिहून तीही टाकायची. वर्षातून चारदा सगळ्या पेट्या चर्चमागच्या खोलीत लांब टेबलावर येतात. पेट्या सारख्या, रंग सारखा, नाव कुठेच नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये हा आमचा नियम, आणि तो आम्ही इतका पाळतो की शेजारीण पेटी ठेवत असली की आम्ही खिडकीकडे बघतो.

चिठ्ठ्या खजिनदार आधी मनात वाचते आणि वाचण्याजोग्या असतील त्या मोठ्याने. ही आमची करमणूक. ‘दूध उतू जाता जाता राहिलं, एक नाणं.’ ‘सासूबाई लेकीकडे गेल्या, दोन नाणी.’ ‘सासूबाई परत आल्या, नियम म्हणून एक नाणं.’ कुणी लिहिलंय ते अक्षरावरून कळलं तरी कळलं नाही असं दाखवायचं आणि पोट धरून हसायचं.

या चाळीस पेट्या माझ्या जावयाने केल्या. फुकट. तो सुतार, तीन गल्ल्या पलीकडे त्याचं वर्कशॉप आणि वरच घर. खोक्यांच्या फळ्या तासून, एकही खिळा न मारता त्याने या पेट्या जोडल्या होत्या. हळू आवाजाचा माणूस. नखं नेहमी कापलेली. रविवारी हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, आणि मला ‘आई’ म्हणताना मान खाली. मंडळाची बैठक संपायच्या आधीच तो मुलीला न्यायला बरोबर चारला दारात हजर व्हायचा. बाया म्हणायच्या, काकू, कुठल्या देवाला काय दिलंत हो? मी म्हणायची, दमडी दिली, दुसरं काय! आणि मनातून फुगायची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दोन महिन्यांपूर्वी मुलीचा उजवा हात मोडला. जिन्यावरून पडले म्हणाली. प्लास्टर घालताना जावई शेजारी उभा होता आणि डॉक्टरांनी तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तोच देत होता. किती काळजी, असं मला वाटलं. मुलगी मंडळाची चिटणीस, अक्षर मोत्यासारखं. हात मोडल्यावर बैठकीचा वृत्तांत गवंडीण लिहू लागली आणि तो कुणालाच वाचता येईना.

हात मोडून तीन आठवडे झाले तेव्हा पेट्या उघडायची बैठक आली, आणि त्या बैठकीला आधी मतदान होतं. जमा होणाऱ्या पैशांसाठी तीन अर्ज आले होते. नदीतल्या बेटांवर औषधं नेण्यासाठी एक होडी, एक छापखान्याचं यंत्र, आणि तिसरा दूरच्या देशातून, नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी एक घर. पाळकीणबाईंनी तिन्ही अर्ज वाचले. तिसरा वाचून झाल्यावर खोलीत जरा शांतता पसरली आणि शांतता मला सोसत नाही.

“नवरा-बायकोच्या मध्ये चर्चने पडू नये,” मी म्हणाले. “आज घर बांधून दिलं की उद्या जरा खुट्ट झालं तरी बाया बोचकी उचलून तिकडे निघतील. मी नाही निभावलं? होडी घ्या. होडी दिसते तरी.”

होडीला अठ्ठावीस हात वर झाले. यंत्राला चार. घराला एकच हात वर झाला, डावा, माझ्या मुलीचा.

“अगं, नीट ऐकलंस ना?” मी सगळ्यांसमोर म्हणाले. “हे घर म्हणजे बंगला नाही, मार खाल्लेल्यांचं घर आहे.”

“ऐकलं,” ती म्हणाली आणि हात खाली घेतला. चार वाजले होते. जावई दारात उभा होता. तिने आपली पेटी टेबलावरच्या गर्दीत सरकवली, आम्ही नियमाप्रमाणे खिडकीकडे बघितलं, आणि ती गेली.

मग आम्ही पेट्या उघडल्या. आठव्या की नवव्या पेटीत नाणी कमी आणि चिठ्ठ्या जास्त होत्या. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखं. मी पहिली मनात वाचली. ‘आज हात उचलला नाही. एक नाणं.’ दुसरी वाचली. ‘आज फक्त शिव्या. एक नाणं.’ तिसरी. ‘आज बाहीच्या आतच मारलं, म्हणून चर्चला येता आलं. एक नाणं.’ अशा एकवीस होत्या. मनात वाचून गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. मी त्या सगळ्या मोठ्याने वाचून काढल्या.

‘केस धरून फरफटत नेलं, जिन्यापर्यंतच. दोन नाणी.’ ‘पुडक्याच्या लाल दोऱ्याची गाठ लवकर सुटेना, म्हणून मानगूट धरून ओट्यावर आपटलं. दात हलला, पडला नाही. दोन नाणी.’ ‘शेजारच्यांनी रेडिओ मोठा केला. मला ओरडायला लागलं नाही. एक नाणं.’

नाणी टेबलावर तशीच पडली होती. मग सगळ्यांनी हळूच एकमेकींच्या बाह्यांकडे बघितलं आणि त्यानंतर गवंडिणीकडे, कारण गवंडी पितो हे सगळ्या गल्लीला माहीत.

“माझ्याकडे काय बघताय?” गवंडीण फणकारली. “आमच्याकडे उलटं असतं.”

पाळकीणबाईंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, “दोघी दोघी मिळून घरोघर जाऊ या. नवरे कामावर असताना. चहा घेऊ, बसू, काही विचारायचं नाही. जी आहे ती बोलेल.”

हे शहाणपणाचं होतं. पण मला शहाणपण नको होतं, मला तो माणूस हवा होता. “चाळीस घरांचा चहा पिता पिता महिना जाईल,” मी म्हणाले. “आणि तोवर ती काय तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसणार? मी सांगते. रविवारी ही पेटी वेदीवर ठेवा. चिठ्ठ्या मी वाचते. नाव नाही, गाव नाही. पण तो बाकावर बसलेला असणारच. ऐकू दे त्याला. दगड ज्याला लागेल तो आपोआप कळवळेल, आणि मग त्याचं काय करायचं ते माझ्यावर सोडा.”

बायांना ते पटलं. नाव न घेता न्याय होणार होता, नियमही मोडत नव्हता. आमच्यासारख्यांनाच सुचावी अशी ती युक्ती होती. आम्हाला नावं माहीत नव्हती, म्हणून कुणालाच माहीत नसणार असं आम्ही धरून चाललो.

रविवारी पाळकसाहेबांनी मला बोलावलं आणि मी पुढे गेले. पेटी वेदीवर, फुलांच्या बाजूला. मी चष्मा लावला. दुसऱ्या बाकावर माझी मुलगी, प्लास्टर घातलेला हात मांडीवर, शेजारी जावई. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी नजर चौथ्या बाकावरच्या गवंड्यावर होती. एकेक चिठ्ठी वाचायची आणि त्याच्याकडे बघायचं. तो बिचारा आधी मागे वळून बघू लागला, मग टोपीशी चाळा करू लागला, आणि मला वाटलं, सापडला. मध्येच माझा घसा कोरडा पडला. मी पाळकसाहेबांचा पेला उचलून पाणी प्यायले आणि पुढे वाचलं.

वाचून झाल्यावर मी म्हणाले, “हे लिहिणारी आमच्यात बसली आहे. आणि हे करणाराही बसला आहे. त्याने लक्षात ठेवावं, आम्हाला कळलंय.” मागच्या बाकांवर कुणीतरी रडलं. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, त्या दहा मिनिटांत मला कधी नव्हे इतकं बरं वाटलं.

उपासना संपल्यावर जावई माझ्याजवळ आला. “चांगलं वाचलंत, आई,” तो म्हणाला. मान खालीच होती. मुलगी माझ्याकडे बघत होती, ओठ जरासे उघडे. मी म्हणाले, “अगं, दुपारी जेवायला या दोघं.” तो म्हणाला, “आज नको, हिला बरं वाटत नाहीये,” आणि तिच्या प्लास्टरच्या हाताचं कोपर धरून तिला घेऊन गेला.

मी चर्चमागच्या खोलीत पेटी ठेवायला गेले तर गवंडी दारात आडवा.

“काकू, माझ्याकडे बघून का वाचत होतात? मी पितो ते मान्य. पण घरात मार कोण खातं ते माझ्या बायकोला विचारा.” त्याने कपाळावरची खोक दाखवली. “ही लाटण्याची.”

“तू गप्प बस. चोराच्या उलट्या बोंबा.”

त्याने रागाने माझ्या हातातली पेटी हिसकली आणि मग तिच्याकडे बघतच राहिला. फटीच्या शेजारी रंगाखाली त्याने अंगठा फिरवला. “ही तुमच्या जावयाच्या घरची आहे,” तो म्हणाला.

“चाळीसही त्याच्याच आहेत.”

“तसं नव्हे. ही त्याच्या घरात ठेवलेली. या फळीत गाठ निघाली होती. त्याने ती काढून गोल बूच मारलं, वर कड बुजवायला लांबी भरली. मी तिथेच उभा होतो. म्हणाला, खराब माल दुसऱ्याला कशाला, ही आमच्याकडे राहू दे. हे बघा, बोट फिरवा. काकू, आपण केलेलं काम कारागीर लांबूनही ओळखतो.”

मी बोट फिरवलं. गोल कड लागली. वेदीपासून दुसरा बाक फार तर सहा हातांवर.

मी धावले. नव्वद किलोंची बाई रविवारच्या कपड्यांत धावताना कशी दिसते याची मला पर्वा नव्हती. गवंडी मागून येत होता. बेकरीवरून वळले, शिंप्याच्या बंद दुकानापुढे एक चप्पल सुटली ती तिथेच राहिली. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी मला आवाज ऐकू आला. लाकडाला रंधा मारायचं मशीन चालू होतं. रविवारी हत्याराला हात न लावणाऱ्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये मशीन चालू होतं, आणि त्यावर लाकूड नव्हतं, कारण लाकूड असलं की त्याचा आवाज जाड होतो. हे रिकामं किंचाळत होतं. शेजारी खिडकीत उभे होते. मला बघून त्यांनी पडदा ओढला.

पुढचं शटर खाली होतं. मागच्या दाराला आतून अडसर. गवंड्याने लाथ घातली, मी खांदा घातला, पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी अडसर चौकटीतून निघून आला आणि मी आत भुशावर आपटले.

ती कामाच्या टेबलापाशी गुडघ्यांवर होती. टेबलाच्या कडेला लाकूड आवळून धरायची लोखंडी वाईस असते, तिच्यात तिचा डावा हात आवळलेला होता. बोटं पलीकडून बाहेर आली होती, जांभळी. एक डोळा बंद झाला होता. हनुवटीवरून रक्त गळून प्लास्टरवर पडत होतं. तो तिच्याजवळ वाकून बोलत होता, त्याच हळू आवाजात, आणि समोर एक कोरा कागद ठेवला होता.

“लिही आता,” तो म्हणत होता. “देवाचे आभार मानायचेत ना? लिही.”

मी उठले. मशीनशेजारी छिन्नी ठोकायची लाकडी मोगरी होती, ती उचलली. त्याने मला बघितलं आणि म्हणाला, “आई, हा आमच्या घरातला मामला आहे.”

“जावईबापू, बाजूला व्हा,” मी म्हणाले. सवयीने अहो-जाहोच केलं. तो बाजूला झाला नाही. एक फळी उचलून त्याने माझ्या तोंडावर मारली. माझं नाक मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. डोळ्यांपुढे काळं झालं, पण हात चालू होता. चौदा वर्षं मी सांधे तोडते आहे. कोपर कुठे सुटतं, गुडघा कुठल्या बाजूने मोडतो, हे मला बघावं लागत नाही. पहिला घाव त्याच्या उजव्या कोपरावर बसला. फळी पडली. दुसरा गुडघ्याच्या बाजूला. तो कोसळताना माझ्या केसांना लोंबकळला आणि आम्ही दोघं भुशात पडलो. त्याने माझ्या मनगटाचा चावा घेतला, मांस सुटेपर्यंत. मी त्याच्या जबड्यावर मोगरी मारली आणि त्याचे दात भुशात पडलेले बघितले. गवंडी ओरडत होता, काकू पुरे, काकू पुरे. मशीन किंचाळत होतं. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि मोगरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. आता कपाळ. बैलाला मारतात तिथे, दोन डोळ्यांच्या जरा वर.

“मेल्या,” मी म्हणाले, “माझ्या पोरीला!”

मला त्याचा जीव घ्यायचा होता. आजही ते म्हणायला मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते.

“आई! आधी माझा हात सोडव!”

ती हे पहिल्यांदा ओरडत नव्हती. गवंड्याने नंतर सांगितलं, मी आत शिरल्यापासून ती तेवढं एकच ओरडत होती, चार वेळा, पाच वेळा. माझ्या कानावर आलंच नव्हतं. मी आत आले, तिला बघितलं आणि सरळ त्याच्याकडे गेले. चर्चमध्येही मी हेच केलं होतं.

मोगरी टाकून मी टेबलाकडे धावले. वाईसची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या जोराने फिरवली. उलटीकडे. तिचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. आधी मशीनचा आवाज त्याच्यापुढे बारीक वाटला आणि मग ती एकदम गप्प झाली, मान टेबलावर टाकून. गवंड्याने मला ढकलून दांडी दुसऱ्या बाजूला फिरवली. हात सुटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुटलं असं म्हणता येणार नाही.

पोलीस आले, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. तो अजून आत आहे आणि लंगडतो असं ऐकते. ती दोन बोटं डॉक्टरांनी काढली. त्यांनी विचारलं नव्हतं तरी मी सांगितलं, दांडी उलटी मी फिरवली. ते म्हणाले, बोटं त्याच्या आधीच गेली होती. हे खरं असेल किंवा माणूस चांगला असेल.

मुलगी आता माझ्याकडे राहते, दुकानावरच्या खोलीत. पाच आठवड्यांनी मंडळाची सभा पुन्हा बोलावली. होडीचे पैसे अजून पाठवले नव्हते. पाळकीणबाईंनी तिसरा अर्ज पुन्हा वाचला, मार खाल्लेल्या बायकांच्या घराचा. यावेळी मी बोलले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझ्या काखेतल्या कळशाला तडे गेले तरी मी दूरच्या होडीची वल्ही मोजत होते. हात वर करा म्हणाल्या तेव्हा मी सगळ्यात आधी केला, मनगटावर दातांचे वण होते तो. छत्तीस हात झाले. माझ्या मुलीने हात वर केला नाही.

घरी आलो. दुपारचं जेवण वाढलं. तिचे दोन्ही हात बांधलेले, म्हणून मी भरवते. लहानपणी भरवायची तशी ती तोंड उघडते, पण तेव्हा ती माझ्याकडे बघायची आणि आता भिंतीकडे बघते.

“सभेत हात का नाही वर केलास?” मी विचारलं.

“कुठला करू?” ती म्हणाली.

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. “अगं, मला आधी सांगायचंस. एका शब्दाने. आईपासून काय लपवायचं?”

“मी लपवलं नाही.” तिने घास गिळला. “चिठ्ठ्या कुणाला लिहिल्या असं वाटलं तुला?”

“देवाला.”

“देवाला लिहून कळवावं लागतं होय? पेटी तू उघडतेस. आधी मनात तूच वाचतेस. पेटीची किल्ली त्याच्याकडे नव्हती, तुझ्याकडे होती. तुला सांगायला घरात दुसरी जागा नव्हती.”

“अक्षर तुझं नव्हतं गं. मला कसं कळणार?”

“लाल दोरा लिहिला होता ना.”

मी गिऱ्हाइकांच्या पुडक्यांना पांढरा दोरा बांधते. तीन वर्षं दर शनिवारी एकच पुडकं लाल दोऱ्याचं असतं. चांगला तुकडा चुकून दुसऱ्याला जाऊ नये म्हणून मुलीच्या पुडक्याला लाल. लाल दोऱ्याचं रीळ दुकानात माझ्या डोळ्यांसमोर खुंटीवर आहे.

“लाल दोरे जगात हजार,” मी म्हणाले.

तिने पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“चर्चमध्ये मी तुझ्याकडेच बघत होते,” ती म्हणाली. “त्या चिठ्ठीवर तू थांबलीस. लाल दोऱ्यापाशी. पेला उचललास, पाणी प्यायलीस. मला वाटलं, कळलं आईला. आता ती कागद खाली ठेवेल आणि माझ्याकडे येईल. मी पाय बाकाखालून बाहेर काढून ठेवले होते, तू आलीस की लगेच उठता यावं म्हणून.”

मला तेव्हा तहान लागलेली नव्हती.

“मग तू पुढची चिठ्ठी वाचलीस,” ती म्हणाली आणि तोंड उघडलं. माझ्या हातात घास तसाच होता. तो मी तिला भरवला.